जत्रा पाहून झाली, आता आळी दाखवा

प्रति,
भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण, हडपसर आणि पुण्याच्या पेठांमधल्या लघुउद्योजक व व्यापारी संघटनांचे अध्यक्ष, पदाधिकारी आणि परदेश दौरे आखणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या चीन दौऱ्याची पत्रकं छपाईला जाण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं, म्हणून घाईने लिहिते आहे. मागणी आधी सांगते, कारणं मागून. आम्हाला नुसतं ग्वांगझूच्या जत्रेत, म्हणजे तिथल्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनात, नेऊन आणू नका. आपला माल ज्या गावात बनतो त्या गावात न्या. आणि परत आल्यावर आम्हाला एकेकटं सोडू नका. माल जहाजावर चढण्याआधी तिथे जाऊन तो उघडून बघणारा एक माणूस सगळ्यांच्या वर्गणीतून नेमा.

रविवार पेठेत माझ्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. आता ते मी चालवते. गेली अठरा वर्षं दुकानाच्या जोडीला आयातीचा धंदा करते. फ्लास्क, डबे, सुऱ्या, स्वयंपाकघरातली बारीकसारीक हत्यारं असा माझा माल. भोसरीत एक गाळा आहे, तिथे पॅकिंगला आठ बायका काम करतात. म्हणजे मी काही मोठी पार्टी नाही. वर्षाला तीन-चार कंटेनर, कधी तेही नाहीत, आणि तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी कंटेनरमध्ये जागा घ्यायची. तुमचे बहुतेक सभासद माझ्यासारखेच आहेत, म्हणून हे बोलायचं धाडस करते.

संघटनेच्या दौऱ्यातून मी दोनदा गेले. दोन्ही वेळा कार्यक्रम तोच: सहा रात्री ग्वांगझूत, दोन दिवस कँटन फेअर, एक दिवस घाऊक बाजार, एक दिवस शहर. कँटन फेअर ही फार मोठी गोष्ट आहे, तिला मी नावं ठेवत नाही. १९५७ पासून ती भरते, वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. पण ती तीन टप्प्यांत भरते. पहिल्या टप्प्यात यंत्रं, हत्यारं, इलेक्ट्रॉनिक्स, दिवे. दुसऱ्यात घरगुती वस्तू, भेटवस्तू, फर्निचर, बांधकामाचं सामान. तिसऱ्यात खेळणी, कापड, चपला-बूट, स्टेशनरी. मधल्या दिवसांत सगळे गाळे मोडून नव्याने मांडतात. आम्ही दोन्ही वेळा पहिल्या टप्प्यात पोचलो, कारण तेव्हा तिकिटं स्वस्त होती. बसमध्ये भांडीवाले होते, फर्निचरवाले होते, लक्ष्मी रोडचे कापडवाले होते. त्यांच्या मालाचा एकही गाळा त्या आठवड्यात तिथे नव्हता. माणसं दोन दिवस जनरेटर आणि ड्रिल मशिनं बघत फिरली. पत्रक छापताना कोणी टप्प्यांची यादी वाचली असती तर एवढ्या लोकांचे पैसे आणि आठवडा वाचला असता.

पण योग्य टप्पा गाठला तरी खरा प्रश्न सुटत नाही. जत्रेत माल कुठे विकला जातो ते दिसतं, तो कुठे आणि कसा तयार होतो ते दिसत नाही.

लहानपणी मी बाबांबरोबर कसब्यातल्या तांबट आळीत जायचे. बंब, घंगाळं, हंडे यांची खरेदी तिथूनच असे. आळीच्या तोंडाशीच हातोड्यांचा आवाज सुरू व्हायचा. एक जण पत्रा कापतोय, दुसरा सांधा मारतोय, तिसरा मठारतोय, म्हणजे ठोके देऊन भांड्याला बळकटी आणि चकाकी आणतोय. कान-कड्या लावणारा पुढच्या घरात, मोडीचं तांबं घेणारा जवळच. बाबा म्हणायचे, मी एका तांबटाकडून माल घेत नाही, आळीकडून घेतो. एखाद्या घंगाळाच्या बुडाला खोट निघाली तर ते बनवणाऱ्याला बोल लावत नसत. ते भांडं त्याच्या शेजाऱ्याच्या ओट्यावर ठेवून फक्त विचारायचे, हे असं कशामुळे होतं हो? संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलेलं असे, आणि दुसऱ्या दिवशी नवं घंगाळ दुकानात.

जगभरात माल असाच बनतो, हे मला बाबा गेल्यावर, चीनमध्ये कळलं. क्लस्टर, औद्योगिक समूह असे शब्द सरकारी कागदांत येतात. मला विचाराल तर ती आळीच. फक्त ती गावाएवढी किंवा शहराएवढी असते.

ते कळायला मला मोठी किंमत मोजावी लागली. २०११ ची गोष्ट. इंटरनेटवर एक पुरवठादार सापडला. कार्यालय शेंझेनमध्ये, संकेतस्थळावर कारखान्याचे चकचकीत फोटो, बोलणं गोड. स्टीलचे २,४०० व्हॅक्यूम फ्लास्क मागवले. आतून-बाहेरून ३०४ स्टील असं कागदावर लिहून घेतलं. ३० टक्के ॲडव्हान्स, बाकीचे ७० टक्के माल निघण्याआधी. नमुना आला तो सुरेख होता. माल आला तेव्हा गाळ्यातल्या बायकांनी सवयीने काही फ्लास्कमध्ये उकळतं पाणी भरून ठेवलं. थोड्या वेळाने त्यातले कितीतरी बाहेरून हाताला गरम लागायला लागले. याचा अर्थ दोन भिंतींच्या मधली हवा नीट काढलीच नव्हती, किंवा वेल्डिंगमधून आत शिरली होती. मग मी भोसरीतल्या एका प्रयोगशाळेतून स्टील तपासून घेतलं. आतलं भांडं ३०४, बाहेरचं २०१. ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०१ मध्ये महागडं निकेल बरंच कमी करून त्याजागी मँगेनीज घालतात. दिसायला दोन्ही सारखीच. आपल्याकडच्या दमट हवेत २०१ ला डाग पडायला वेळ लागत नाही. लोहचुंबकाने हे कळतं असं बाजारात सांगतात, त्यावर विसंबू नका, कारण ठोकून-दाबून आकार दिलेलं ३०४ सुद्धा थोडं चिकटतं.

पुरवठादाराने आधी दिलगिरी कळवली, मग दुरुस्तीचं आश्वासन, मग उत्तरच नाही. त्या दिवाळीला आठ जणींना बोनस देता आला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी मी स्वतः शोध घेत निघाले. दुभाषा म्हणून पुण्यात शिकायला आलेल्या एका चिनी मुलीची ओळखीतली मैत्रीण मिळाली. तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं, फ्लास्क घ्यायचे तर शेंझेनला कशाला गेलात? फ्लास्क योंगकांगला होतात. जसं आपण एखाद्याला सांगू, चादर घ्यायची तर सोलापूरला जा.

योंगकांग हे झेजियांग प्रांतातलं शहर. तिथले लोक पिढ्यान्पिढ्या गावोगाव हिंडून भांडी सांधणारे, पत्रा ठोकणारे कारागीर. आपल्याकडे दारोदार कल्हईवाले फिरायचे, तसे. आज तिथे दरवाजे, वीजहत्यारं आणि स्टीलचे फ्लास्क होतात. मी चार दिवस राहिले. एका शेडमध्ये नळ्या कापतात, दुसऱ्या शेडमध्ये पाण्याच्या दाबाने त्या फुगवून फ्लास्कचा आकार देतात. तिसरीकडे वेल्डिंग, चौथीकडे निर्वात भट्टी, मग पॉलिश, मग पावडर कोटिंग. झाकणं करणारे वेगळे, झाकणातली सिलिकॉनची रिंग करणारे वेगळे, खोके छापणारे आणखी वेगळे. सगळं थोड्या किलोमीटरच्या आत, रिक्षासारख्या तीनचाकी गाड्यांतून अर्धवट झालेला माल इकडून तिकडे जातोय. माल स्वस्त का पडतो ते तिथे कळतं. फक्त मजुरीचा हिशेब असता तर मजुरी वाढल्यावर धंदा दुसरीकडे गेला असता. तिथे ना कोणी महिन्याचा कच्चा माल साठवून ठेवत, ना झाकणाचा साचा बिघडला म्हणून आठवडाभर थांबत. शेजारच्या गल्लीत दुसरा असतो.

आणि माझे ते फ्लास्क तिथल्याच एका छोट्या शेडमध्ये झाले होते. एका फोरमनने फोटो बघून ओळखले. माझ्या पुरवठादाराने ऑर्डर कोणाला तरी दिली, त्याने दुसऱ्याला, त्याने तिसऱ्याला, आणि प्रत्येकाने आपला नफा काढून घेताना स्टील थोडं हलकं केलं. बाबांसारखा मी तो फ्लास्क शेजारच्या शेडच्या मालकापुढे ठेवला आणि विचारलं, असं कशामुळे होतं? त्याने तिथल्या तिथे दोन फ्लास्क कापून मला वेल्डिंग दाखवलं. गेली तेरा वर्षं मी त्याच्याकडून माल घेते आहे.

तुमच्या सभासदांना हा अनुभव द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. प्रत्येक मालाचं गाव ठरलेलं आहे. दिवे हवेत तर झोंगशानमधलं गुझेन, कुलपं हवीत तर त्याच्या शेजारचं शाओलान. ही दोन्ही ग्वांगझूहून बसने एका दिवसात जाऊन येण्यासारखी. सुऱ्या-कात्र्या यांगजियांगला, खेळणी शांतौच्या चेंगहाईत, मोजे दातांगला, चष्म्याची भिंगं दान्यांगला, प्लास्टिकचे साचे हुआंगयानला, स्विचगिअर, म्हणजे वीजप्रवाह जोडायची-तोडायची उपकरणं, वेन्झोऊजवळच्या लियुशीला. सगळं थोडं थोडं हवं असेल तर यीवू. यीवूच्या बाजारात सुमारे ७५,००० दुकानं आहेत, पण त्याची सुरुवात फेरीवाल्यांनी केली. ते लाल साखर देऊन घरोघरची कोंबडीची पिसं घ्यायचे. मला ही गोष्ट ऐकताना आपल्या बोहारणी आठवल्या. जुन्या साड्या घेऊन स्टीलची भांडी देणाऱ्या त्या बायका आमच्याच दुकानातून माल उचलायच्या. यीवूत १९८२ मध्ये स्थानिक अधिकाऱ्यांनी फेरीवाल्यांना रस्त्यावर बाजार भरवायची परवानगी दिली, आणि तिथून तो बाजार वाढत गेला. बोहारणींना आपण कुठल्या योजनेत घेतलं, याचा विचार संघटनांनी कधीतरी करावा. असो, तो विषय वेगळ्या पत्राचा आहे.

चीनच कशाला? टॉवेल बघायचे तर तुर्कस्तानात देनिझली, टाइल्स इटलीत सास्सुओलो, शस्त्रक्रियेची हत्यारं जर्मनीत टुटलिंगन, चष्म्याच्या फ्रेम जपानमध्ये साबाए. सोलापूरच्या टॉवेल कारखानदारांना कोणी एकदा देनिझलीला न्यावं असं मला फार वाटतं, खरेदीसाठी नाही, नुसतं बघण्यासाठी.

गाव माहीत असलं की फसवणूकही लवकर ओळखता येते. कोणी कुलपं विकतोय आणि त्याचा पत्ता शाओलानच्या आसपासचा नसून हजार किलोमीटर दूरच्या ऑफिस इमारतीचा असेल, तर तो मध्यस्थ असण्याचीच शक्यता जास्त. एकच कंपनी मोजे आणि हातोड्या दोन्ही विकत असेल तरी तेच. मध्यस्थ वाईट नसतो. लहान ऑर्डर असेल तर तोच उपयोगी पडतो, फक्त तो मध्यस्थ आहे हे आपल्याला माहीत पाहिजे. चिनी कंपनीच्या व्यवसाय परवान्यावर १८ अंकी-अक्षरी क्रमांक असतो, नोंदणीचा पत्ता असतो आणि कशाचा व्यवसाय करायची मुभा आहे तेही लिहिलेलं असतं. तो परवाना मागा, दुभाष्याकडून वाचून घ्या, आणि बँक खातं त्याच नावाचं आहे का ते बघा. ऐनवेळी ईमेलवरून खातं बदलल्याचं कळलं तर पैसे पाठवण्याआधी फोन करा, तोही आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. आमच्या पेठेतल्या एका तरुण व्यापाऱ्याचे असे साडेचार लाख गेले. हॅकरने दोघांच्या ईमेलमध्ये शिरून पुरवठादाराच्या नावाने पत्र लिहिलं होतं.

आता तर मूळ कारखाना माहीत नसून चालतच नाही. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं झालं. स्टीलच्या फ्लास्कसाठी २०२३ मध्ये तसाच आदेश निघाला. हे चिन्ह वापरायचा परवाना कारखान्याला मिळतो, त्याच्या पत्त्यासकट. परदेशातल्या कारखान्याची ब्युरोचे अधिकारी तपासणी करतात, त्याला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. म्हणजे तुमचा सभासद यीवूच्या दुकानातून सुंदर फ्लास्क पसंत करून ॲडव्हान्स देऊन आला, आणि तो बनवणाऱ्याकडे परवाना नसला, तर माल न्हावा शेवाला अडकणार. वर बंदराचं आणि कंटेनरचं भाडं रोजच्या रोज चढणार. दौऱ्याच्या आधी एक संध्याकाळ फक्त एवढ्यासाठी ठेवा: प्रत्येकाने आपला माल सांगायचा आणि त्याला मानक सक्तीचं आहे का, ड्युटी किती, हे कस्टममधून माल सोडवणाऱ्या अनुभवी क्लिअरिंग एजंटने सांगायचं. दोन तासांचं काम आहे. ते झालं असतं तर माझ्या ओळखीतले दोन जण आज धंद्यात असते.

तपासणीच्या माणसाबद्दल मी सगळ्यात जास्त आग्रह धरते. कारण पैशांचं गणित तिथेच बसतं. ७० टक्के रक्कम आपल्या हातात असेपर्यंतच आपल्या तक्रारीला वजन असतं. माल तयार झाल्यावर, पण उरलेले पैसे देण्याआधी, कोणीतरी कारखान्यात जाऊन खोके फोडले पाहिजेत. त्याचीही ठरलेली पद्धत आहे. २,४०० नगांचा लॉट असेल तर नमुना-तपासणीच्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे १२५ नग काढायचे, कारखान्याने पुढे केलेले नाही, आपण निवडलेल्या खोक्यांतले. मोठ्या दोषांसाठी त्याच तक्त्यातली २.५ ची मर्यादा (एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांची पातळी) धरली तर सात सदोष नगांपर्यंत लॉट स्वीकारायचा, आठवा निघाला की परत. फ्लास्कच्या बाबतीत उकळतं पाणी भरून बघायचं, आणि हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणाऱ्या यंत्राने, स्टीलचा प्रकार बघायचा, काही सेकंदांत कळतो. दोघांच्या सहीचा सीलबंद नमुना शेजारी ठेवायचा. २०११ मध्ये माझ्यासाठी एवढं कोणी केलं असतं तर तो माल तिथेच राहिला असता.

एका लहान व्यापाऱ्याला तिकडचा तपासनीस एका दिवसासाठी बोलावणं जड जातं, म्हणून तो बोलावत नाही आणि नशिबावर सोडतो. पण एकाच महिन्यात योंगकांग-यीवू पट्ट्यातून माल उचलणारे पुण्यातले पंधरा-वीस जण सहज निघतील. त्यांच्या तारखा जुळवणं आणि एक विश्वासू माणूस नेमणं, हे संघटनेलाच जमणारं काम आहे. भिशी चालवायला ज्यांना जमते त्यांना हे अवघड नाही. तारखा जुळवताना चिनी नववर्ष मात्र विसरू नका. २०२६ मध्ये ते १७ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आधी कारखाने घाईत असतात, नंतर कामगार गावाहून उशिरा येतात, काही येतच नाहीत आणि नव्या हातांकडून चुका होतात. आपल्या लग्नसराईचा माल नेमका याच दिवसांत तयार होत असतो. मी माझी उन्हाळ्याची ऑर्डर आता ऑक्टोबरमध्येच देते.

काही जण विचारतील, बाईंना देशी उद्योगाचं काही वाटत नाही का. फार वाटतं. परदेशातली आळी बघितल्यावर मला आपल्या आळ्या दिसायला लागल्या. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, त्याच्या आधारावर गाव उभं राहिलं. हुपरीची चांदी, कोल्हापूरच्या फाउंड्र्या, गुजरातेत मोरबीच्या टाइल्स आणि जामनगरचं पितळ. माझ्या सुऱ्यांच्या मुठी मी आता बाहेरून आणत नाही, भोसरीत करून घेते. साचा, मोल्डिंग आणि छपाई तिन्ही कामं एकाच रस्त्यावर होतात. योंगकांगला जे बघून मी थक्क झाले होते ते माझ्या गाळ्यापासून पाच मिनिटांवर आधीपासून होतं, मी कधी त्या नजरेने बघितलंच नव्हतं. सूक्ष्म-लघुउद्योगांच्या समूहांना सामायिक सुविधा केंद्र काढायला सरकारची योजना आहे, चिंचवडचं ऑटो क्लस्टर आपल्या डोळ्यांसमोर आहे. चार-पाच प्रकारची तपासणी यंत्रं अशाच रीतीने व्यापाऱ्यांसाठीही घेता येतील. दौऱ्यातल्या प्रत्येक सभासदाने परतल्यावर एक पान लिहून द्यावं, कुठलं गाव, कुठलं काम कुठे होतं, आणि त्यातलं आपल्याकडे काय होऊ शकेल. शंभर पानं जमली तरी त्यातून पुण्यात चार नवीन शेड उभ्या राहू शकतात.

२०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली आहेत, त्यामुळे जाणाऱ्यांची संख्या वाढणार आहे. नवीन मुलं-मुली या धंद्यात येत आहेत. मोबाइलवर माल बघतात, तिथेच पैसे भरतात. त्यांना पहिल्याच कंटेनरला माझ्यासारखा फटका बसू नये.

माझ्याकडे सात वह्या आहेत. गावं, शेड, कोणाचं वेल्डिंग चांगलं, कोणी शब्द मोडला, कुठल्या स्टेशनवर उतरायचं, शाकाहारी जेवण कुठे मिळतं, सगळं त्यात आहे. मी त्या संघटनेला द्यायला तयार आहे, झेरॉक्स नव्हे, मूळ वह्या. दौरा जत्रेच्या दुसऱ्या टप्प्याला धरून आखलात आणि त्याला यीवू-योंगकांगचे चार दिवस जोडलेत, तर भांडीवाल्यांच्या गटाबरोबर मी स्वखर्चाने येईन. मंगळवार सोडून कुठल्याही दिवशी दुपारी दुकानात असते. पत्रक छापण्यापूर्वी या, वह्या समोर ठेवून मार्ग ठरवू.

आपली,
रविवार पेठेतली एक सभासद